जोडवाचन : कामाच्या नोंदी

२ जून २०२४
दादाच्या घरी वास्तुशांत होती. पंगतीत भाचा शेजारी बसला. पुण्यात नोकरी करतो, वर्षाला चाळीस पुस्तकं वाचतो म्हणे. "आत्या, कादंबऱ्या सोडल्या मी. खोटं वाचण्यात वेळ कोण घालवणार?" माझ्या तोंडात जिलबी. ती गिळेपर्यंत तो मठ्ठा आणायला उठला होता. उत्तर राहिलं ते राहिलंच.

म्हणून हे काम. डिसेंबरपर्यंत पाच जोड्या. प्रत्येक जोडीत एक कादंबरी आणि एक खरंखुरं पुस्तक, दोन्ही एका गल्लीतली. वाचनालयात या दुसऱ्या प्रकाराच्या कपाटावर 'ललितेतर' अशी पट्टी आहे. म्हणजे जे ललित नाही ते. बिचाऱ्याचं आडनावच नकारार्थी.

नियम : ऑफिसातून आल्यावर रोज तीस पानं. पुस्तक संपल्याशिवाय नोंद नाही. एकदा लिहिलेली नोंद खोडायची नाही. (हा शेवटचा नियम पोटापाण्याच्या धंद्यातून आला आहे. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात तेवीस वर्षं हिशेब लिहिते आहे.)

९ जून
'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकर, १९५५. नववीत असताना वाचली होती. तेव्हाची आठवण म्हणजे मेंढरं आणि अंजी. या खेपेला दिसली ती मास्तराची धावपळ. राजाराम सौंदणीकर शाळा चालवायला आलेला पोरगा. शाळेत पोरं नाहीत, सगळी मेंढरांमागे. मग तो गावाचा कारकून होतो, निरोप्या होतो, पंच होतो. अंजीच्या चोळीचं एवढंसं काम, तेही त्याच्या अंगाशी येतं आणि ज्या कारभाऱ्याच्या जिवावर तो गावात टिकला तोच दुरावतो.

तालमीचं प्रकरण मला पूर्वी कंटाळवाणं वाटलं होतं. आता तेच पुस्तकाचं काळीज वाटलं. आख्खं गाव राबून इमारत उभी करतं, औंध संस्थानचे राजे, पंतसरकार, येऊन जातात, आणि पुढे दुष्काळ. मेंढरं मरतात, माणसं वाट फुटेल तिकडे जातात. तालीम उभी आणि गाव रिकामं. माडगूळकर यावर एक हुंदका काढत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हातात हा शेवट पडता तर चार पानं पाऊस पाडला असता.

११ जून
आईचं माहेर माणदेशातलं. संध्याकाळी तिला थोडं वाचून दाखवलं. 'वाघर' शब्दावर तिने थांबवलं. मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या वडिलांच्या रानात धनगर कळप बसवायचे. रात्रभराच्या लेंड्यांचं खत व्हायचं आणि सकाळी धनगराला धान्य मापून द्यायचं. मापावरून रोज भांडण, आणि भांडण संपल्यावर चहा. मी म्हटलं, "आई, ही कादंबरी आहे." ती म्हणाली, "असू दे की. मेंढरं तर खरी आहेत."

२३ जून
'गोष्ट मेंढा गावाची', मिलिंद बोकील. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंडांचं छोटं गाव. आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारं. २००९ साली या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना हातात आला. गावातले देवाजी तोफा आणि बाहेरून येऊन काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल ही नावं वर्तमानपत्रात वाचली होती, पण त्यामागे किती वर्षांच्या बैठका आहेत ते इथे कळलं.

मला जे आवडलं ते असं. गावात निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांच्या संमतीने होतो. एक जण जरी अडला तरी विषय पुढे ढकलायचा. पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. आमच्या सोसायटीत टाकीला झाकण बसवायला बहुमत असून दोन वर्षं लागली, त्यामुळे या माणसांबद्दल आदर वाटतो.

तक्रार एकच. पुस्तक फार नीटनेटकं आहे. कोण कुणावर रुसलं, कोण बैठकीतून ताडकन उठून गेलं, कुणाच्या सुनेला काय वाटलं, हे दिसतं न दिसतं तोच लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. बोकील कथाकार म्हणून मला जास्त जवळचे आहेत, कदाचित म्हणूनच हा राग. बनगरवाडीतल्या माणसांना मी रस्त्यात ओळखेन. मेंढ्यातल्या माणसांचा मुद्दा ओळखेन.

पण तालीम आणि बांबू शेजारी ठेवले की हिशेब उलटतो. बनगरवाडीत जे उभं राहतं ते एका मास्तराच्या हौसेने. मेंढ्यात बाहेरचा माणूस आहे, पण ठरवणारा तो नाही. त्याने अभ्यास करायचा, गावाने ठरवायचं. हा फरक कादंबरी एकटी वाचून माझ्या लक्षात आला नसता, कारण तिथे मी मास्तरावर फिदा होते.

७ जुलै
'रणांगण', विश्राम बेडेकर, १९३९. कॉलेजात प्रेमकथा म्हणून वाचली होती आणि रडले होते. आता पन्नाशी उलटल्यावर रडू नाही आलं, पण दोन रात्री झोप नीट लागली नाही.

युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. चक्रधर विध्वंस नावाचा तरुण परत येतोय आणि जर्मनीतून हाकललेल्या ज्यूंमधली हेर्टा त्याला भेटते. मुंबईला तो उतरतो, तिला उतरता येत नाही. बोट तिला घेऊन पुढे पूर्वेकडे जाते. ज्यांना कुठलंच बंदर नाही अशी माणसं त्या डेकवर हसतात, पत्ते खेळतात, पोरांना रागावतात. सालाकडे पुन्हा पाहिलं. १९३९. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. तरी नुसत्या एका बोटीवर त्याने ते ओळखलं.

चक्रधर मात्र आता आवडला नाही. एका मुलीने दुखावलं म्हणून सगळ्या बायकांवर सूड उगवत फिरणारा पुरुष विशीत गूढ वाटतो, पुढे नुसता डोक्याला ताप. लेखकालाही तो आवडत नसावा, असा मला संशय आहे. तेवढ्यासाठी लेखकाला एक गुण जास्त.

१६ जुलै
उद्या आषाढी. एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. ऑफिसातले निम्मे लोक पंढरपुरात.

'एक झाड दोन पक्षी', बेडेकरांचं आत्मचरित्र, १९८४. पुढच्या वर्षी साहित्य अकादमी. उपनिषदातले ते दोन पक्षी, एक फळ खातो आणि दुसरा नुसता बघतो. इथे बेडेकर दोन्ही आहेत. खाणाऱ्या बेडेकरांवर बघणारे बेडेकर फारशी दया दाखवत नाहीत. मराठी आत्मचरित्रांत स्वतःची आरती ओवाळण्याची जी सवय आहे ती इथे औषधालाही नाही.

आता कबुली. पहिली शंभरेक पानं मी हेर्टाला शोधत वाचली. हा वाचकाचा गुन्हाच. लेखक विलायतेला गेला होता, बोटीने परतला होता, मग ती खरी असेल का, नाव काय असेल, असला चोंबडेपणा. आणि त्याची शिक्षाही मिळाली. वाचनालयाच्या प्रतीत एक फर्माच गायब! सोळा पानं. बांधणीतच राहिला असणार, कारण फाटल्याची खूण नाही. विलायतेचा प्रवास सुरू होतो आणि पान उलटलं की आपण भलतीकडेच. काउंटरवर सांगितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, बारा वर्षांत कुणी तक्रार केली नाही.

दुसरी प्रत मिळवता आली असती. मिळवली नाही. हेर्टाला मी माझ्याकडून सोडलं.

२८ जुलै
'यमुनापर्यटन', बाबा पद्मनजी, १८५७. मराठीतली पहिली कादंबरी. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि जिथे जातात तिथे एक विधवा, तिची कहाणी, त्यावर चर्चा. सरकारी तपासणी दौऱ्यासारखं चालतं. शेवटी यमुनेवरही तीच वेळ येते आणि ख्रिस्ती होऊन ती पुन्हा लग्न करते. सगळी पात्रं छापील बोलतात. पण सोवळ्या केलेल्या बायकांचे हाल आहेत तसे मांडावेत, हे त्या साली कुणाला तरी सुचलं. मान आहे. पुन्हा वाचणार नाही.

१८ ऑगस्ट
'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळक. तीन आठवडे लागले, कारण रोज तीस पानांवर थांबता येईना आणि मग दुसऱ्या दिवशी मागचंच पुन्हा वाचत बसायची.

विषय यमुनापर्यटनाचाच, धर्मांतर आणि बाईचे हाल. पण काय फरक! नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. बायकोला न सांगता. ती माहेरच्या माणसांत, पदरात मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. असल्या मजकुरात पद्मनजींनी पान पान प्रवचन दिलं असतं. लक्ष्मीबाई मधेच कुणाची तरी नक्कल करतात. स्वतःची फजिती तर इतकी रंगवून सांगतात की आपण हसतो आणि हसताना लक्षात येतं, अरे, या बाईच्या घरात उद्याचं पीठ नाही.

सोवळ्याचा भाग मी दोनदा वाचला. वडिलांचं सोवळं म्हणजे वेडाच्या हद्दीवरचं. पुढे नवऱ्याकडे परतल्यावरही ही बाई आपला स्वयंपाक वेगळा ठेवते, आपलं पाणी वेगळं ठेवते. आणि मग एके दिवशी ते तिच्या हातून सुटतं. कुणी पटवून दिलं म्हणून नाही, तिचं तिलाच पटलं म्हणून. नंतर तिने स्वतः दीक्षा घेतली. नवऱ्याच्या मागून, पण नवऱ्यासाठी नाही.

टिळकांबद्दल एक शब्द. कवी मोठा असेल. पण घरात पैसा टिकू न देणारा, लहर आली की उठून चालू पडणारा, आणि या सगळ्याला 'स्वभाव' म्हणवून घेणारा माणूस आमच्याही घराण्यात होता. आईने त्याच्याबद्दल कधी वाईट बोलू दिलं नाही. लक्ष्मीबाईही बोलू देत नाहीत. फक्त सगळं सांगतात.

भाच्याचा मुद्दा इथे जिंकतो. खऱ्यापुढे कादंबरी साफ पडली. नोंद करून ठेवते.

१ सप्टेंबर
तीन जोड्या झाल्या. ऑगस्टअखेरीची कामं आणि जीएसटी, आठवडाभर एक पान नाही.

१५ सप्टेंबर
गणपतीच्या सुट्टीत 'बळी', विभावरी शिरूरकर, १९५०. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि मालतीबाई म्हणजे रणांगणकार बेडेकरांच्या पत्नी. हे ठरवून केलं नव्हतं, कपाटात सापडत गेलं.

पुस्तक माझ्या गावाचं आहे. सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. रिक्षावाले आजही याच नावाने सीट भरतात. जन्मल्यापासून हा शब्द मी लष्कर, सात रस्ता, जुनी मिल यांच्या रांगेत ऐकला. सेटलमेंट म्हणजे काय, कुणाची, हे विचारावंसं एकदाही वाटलं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यातल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेऱ्या घेतल्या, गिरण्यांत कामाला जुंपलं. कायदा गेला तो १९५२ साली. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. 'बळी' आली तेव्हा तार अजून उभी होती.

मालतीबाई या वसाहतींच्या कामावर सरकारी नोकरीत होत्या. मांग-गारुड्यांचं जगणं त्यांनी रोज पाहिलं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये शिकलेल्या मध्यमवर्गीय मुलींची घुसमट लिहून ज्यांनी पुण्यात खळबळ उडवली, त्या बाई सोळा-सतरा वर्षांनी इथवर येतात, हे अंतर थोडं नाही.

तरीही मन पूर्ण रमलं नाही. पात्रं ऐन रंगात येतात आणि एखाद्या वाक्याला अहवालाचा वास येतो. बोली लावल्यासारखी वाटते. कणव खरी आहे, पण ती खुर्चीत बसलेली आहे, टेबलाच्या अलीकडे. माणसं टेबलापलीकडे उभी. मला सारखं वाटत राहिलं की हे आतल्या माणसाने लिहायला हवं होतं.

२९ सप्टेंबर
आतल्या माणसाने लिहिलेलं : 'उचल्या', लक्ष्मण गायकवाड, १९८७, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी. लातूरजवळचं धनेगाव.

इथे टेबल नाही. पोरांना खिसा मारायला शिकवतात ते आधी मार देऊन, पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून. ब्लेड धरायची कशी ते शिकवतात. आणि त्याच घरातला एक पोरगा शाळेत जायला लागतो. वस्तीत पोरांना हगवण लागते आणि पंच म्हणतात, याला शाळेत घातलं म्हणून झालं. काढा शाळेतून. हा प्रसंग वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि उगाच भांडी घासली.

हे सगळं कायदा रद्द झाल्यानंतरचं आहे. कायदा गेला, पोलिसांची वही राहिली.

लिखाण ओबडधोबड. तेच नाव चारदा, काळ मागेपुढे. पहिल्या निम्म्या भागात हे खटकत नाही, कारण आठवण तशीच येते. पुढे सूतगिरणी, युनियन, मोर्चे सुरू झाल्यावर पुस्तक पातळ होतं. कार्यकर्ता बोलू लागला की तो पोरगा गप्प बसतो. हे म्हणायचा मला अधिकार आहे का, माहीत नाही. पण वाचताना तसं झालं.

'उपरा'ही घरात आहे, लक्ष्मण मान्यांचं. फोकाच्या टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांची, गाढवांवर बिऱ्हाड लादून चाललेली वाट. चाळलं. ते पुढच्या वर्षी, घाई नको.

२० ऑक्टोबर
'बारोमास', सदानंद देशमुख. २००४चं साहित्य अकादमी. बुलढाण्याकडचा शेतकरी, एकनाथ तनपुरे. एम.ए.पर्यंत शिकलेला, मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला लाखो रुपये नाहीत, म्हणून शेतीत. शिकल्यामुळे शेतीत मन नाही आणि शेतीमुळे शिक्षणाला किंमत नाही. बायको अलका शहरातली, तिचीही फसगतच. घरातली भांडणं इतकी खरी आहेत की मध्यरात्री शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावल्यासारखं वाटतं. पण साडेतीनशे पानं उतरणच उतरण. एकदाही चढ नाही, एखादा विनोद नाही. दुष्काळातही माणसं एकमेकांची थट्टा करतात. मी दुष्काळी गावात राहते, मला सांगू नका.

१० नोव्हेंबर
फराळाचे डबे संपले, पुस्तकही संपलं. 'दुष्काळ आवडे सर्वांना', पी. साईनाथ. मूळ पुस्तक १९९६चं. नावावरून मला वाटलं होतं मराठवाडा-विदर्भ असणार. महाराष्ट्रातला एकही जिल्हा नाही. बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, तमिळनाडू.

आणि विनोद म्हणाल तर इथे! ओरिसातल्या नुआपाडा भागात गाईंची जात सुधारायची म्हणून सरकारने योजना आणली. उत्तम वीर्य, बाहेरून. संकरात भेसळ होऊ नये म्हणून गावठी वळूंचं खच्चीकरण. योजना संपली तेव्हा नवी जात नाही आणि खरियारची जुनी, काटक जातही गेली. साईनाथ हे इतक्या कोरड्या चेहऱ्याने सांगतात की मी लोकलच्या गर्दीत असते तरी हसले असते. नंतर गप्प झाले. दुष्काळी मदतीला लोक 'तीसरी फसल' म्हणतात, तिसरं पीक. ते पीक कोण कापून नेतं ते पुस्तकभर.

गंमत अशी की कादंबरीत नसलेलं हसू बातमीदाराकडे निघालं. पण एकनाथची बायको भांडून खोलीत जाते आणि कडी लावत नाही, नुसतं दार लोटते, तसलं काही साईनाथांकडे नाही. त्यांना पुढच्या जिल्ह्याची बस पकडायची असते.

काम वेळेआधी संपलं असं वाटलं होतं.

२७ नोव्हेंबर
संपलेलं नाही.

'बळी' माझ्या टेबलावर पडून होती. परत करायची तारीख उलटून गेलेली. आमच्या डिस्पॅचमध्ये एक जण आहे, चाळिशीचा, गठ्ठ्यांवर मार्किंग करतो. गेल्या महिन्यात चलनावर सही घ्यायला आला तेव्हा त्याने मागचा मजकूर वाचला. "मॅडम, नेऊ का?" मला माहीत होतं तो सेटलमेंटमध्ये राहतो. म्हणून उलट मी 'उचल्या' पुढे केलं. म्हटलं, हे घ्या, हे जास्त चांगलं आहे. तो म्हणाला, "ते वाचलंय. हेच द्या."

आज परत आणलं. वर्तमानपत्राचं कव्हर घालून. बराच वेळ टेबलाशी उभा राहिला.

"आमची आज्जी होती ना मॅडम, ती रोज दिवेलागणीला उंबऱ्यात येऊन बसायची. पाच-दहा मिनिटं. कुणी हाक मारली तरी उठायची नाही. आजारी असली तरी भिंतीला धरून यायची. आम्हाला वाटायचं देवाचं काहीतरी आहे. आम्ही पोरं चेष्टा करायचो."

मग म्हणाला, "हजेरी होती ती."

घरात कधीच कुणी सांगितलं नव्हतं त्याला. आज्जीने नाही, वडिलांनी नाही. लाज वाटत असेल, किंवा पोरांना कशाला, असं. "या बाईंनी स्वतः बघितलेलं दिसतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, त्या तिथे नोकरीला होत्या. "हां," म्हणाला. "म्हणजे हजेरी घेणाऱ्यांतल्या." रागाने नाही बोलला. चलन घेऊन गेला.

१ डिसेंबर
किर्दीत चूक झाली तर रबराने पुसत नाहीत, ब्लेडने खरवडत नाहीत. नवी तारीख घालून उलट नोंद टाकतात, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसत राहतं.

१५ सप्टेंबरची 'बळी'ची नोंद, शेवटचा परिच्छेद, "आतल्या माणसाने लिहायला हवं होतं" : उलट नोंद. आतली माणसं तेव्हा गप्प होती. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या बाईने लिहून ठेवलं म्हणून एका नातवाला आज्जीचा उंबरा कळला. खुर्चीबद्दलचं वाक्य मात्र तसंच ठेवते. ते त्यालाही दिसलंच की.

वाचनालयाचा दंड अठ्ठावीस रुपये, भरला. भाच्याला फोन लावला होता. मीटिंगमध्ये होता, नंतर करतो म्हणाला.